ओळीवर बोट

वडाळ्याला एका घरी पंखा बसवत होतो, तेव्हा आमच्या बाईंच्या लेकीचा फोन आला. "दादा, आई गेली." पंखा खाली ठेवला आणि शिडीच्याच पायरीवर बसून राहिलो. घरातल्या वहिनींनी पाणी आणून दिलं. पण मला पाणी नको होतं. कित्येक वर्षांनी घशाला दुसरंच काहीतरी हवं होतं... खोटं कशाला बोलू?

बाई म्हणजे परळच्या आमच्या वाचनाच्या बाई. म्युनिसिपालटीच्या शाळेतून निवृत्त झाल्या आणि दर शनिवारी संध्याकाळी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत, दारू सोडू बघणाऱ्या आम्हा लोकांकडून गोष्टी वाचून घेऊ लागल्या. बायकोने मला तिथे जवळजवळ ओढतच नेलं होतं. पहिल्या दिवशी हात असे थरथरत होते की ओळ सापडेना. बाई हळूच म्हणाल्या, "पुस्तक टेबलावर ठेव. ओळीवर बोट ठेव. घाई नाहीये आपल्याला." उपदेश नाही की काही नाही. स्वतःचं रडगाणं तिथे चालत नसे, बोलायचं ते गोष्टीतल्या माणसाबद्दल. एका गोष्टीतला बाप पोरीच्या बारशाला झिंगून येतो. माझं मालवणी डोकं भडकलं. म्हटलं, "असल्याला घरात घेताच कामा नये." बाईंनी चष्मा काढला. "मग त्याने जायचं कुठे रे?" माझ्या पोरीचं बारसं मला आठवत नाही, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्या रात्री बायकोजवळ पोटभर रडलो. लगेच सुटली असं नाही, मध्ये घसरलोही. परत गेलो तेव्हा बाईंनी काही विचारलं नाही. माझी नुसती ओळ चुकली असावी तसं त्यांनी मला मागच्या पानापासून वाचायला लावलं.

बाईंचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीची वंदना, झाली त्यानंतरचा पहिला शनिवार. लालबागच्या नाक्यावर बारपाशी पाय अडले. आता कोण बघणार आहे, असं मनात आलंच. बाईंचा राग आला, अशा कशा गेल्या म्हणून. मग त्यांचाच प्रश्न आठवला, जायचं कुठे रे... आणि विहाराकडे वळलो. खोली उघडी होती. चारपाच जण बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता बसले होते. "तू वाच रे आज," एक जण म्हणाला. पुस्तक उचललं आणि हात थरथरायला लागले, थेंबही न घेता. पुस्तक टेबलावर ठेवलं. ओळीवर बोट ठेवलं. कुणी घाई केली नाही.