रोलरवरची जाळी

पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दुपारी इतकी वाफ साचायची की माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसायची. त्या वाफेतच एका खानदेशी कारागिराचा उजवा हात रोलरमध्ये सापडला आणि बोटं गेली.

मी मिलच्या ऑफिसात होते. मशीनवर संरक्षक जाळ्या बसवायला आणि जखमी कामगाराला परत कामावर घ्यायला सरकारी अनुदान मिळतं, असं कळलं. मी अर्ज लिहायला घेतला. त्याला कोणतं काम देणार, हे त्यात सांगायचं होतं, म्हणून उधन्याला त्याच्या घरी गेले.

"ताई, झोपेत रोज कापड वाहताना दिसतं," तो म्हणाला. "संपतच नाही. मग रोलर येतो, आणि जाग येते."

"रोलरपासून लांबचं काम लिहू?"

"नको. रोलर झाकून द्या. मी तिथंच येईन."

मी तसंच लिहिलं. अनुदान मंजूर झालं, जाळ्या बसल्या. तो कामावर परतला त्या दिवशी मीही मशीनपाशी गेले. त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं. मी जाळीकडेच बघत राहिले. तो मात्र वळून म्हणाला, "ताई, जा आता ऑफिसात. इथं फार उकडतं."