बारकीने गायलेली रेकॉर्ड

दादाच्या दुकानात गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. तिथे मागच्या बाजूला जी बाई दिवसभर मशीनवर वाकलेली असते, तिला सगळे बारकी म्हणतात. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बारकीच. ही बाई एके काळी एका रॉक बँडची मुख्य गायिका होती, हे सांगितलं तर गिऱ्हाइकं हसतील. म्हणून दादा सांगत नाही, आणि ती तर नाहीच नाही.

बँड तिचा नव्हता, हेच खरं दुखणं. बँड वाघाचा. वाघ हा त्यांचा पहिला गायक. तो स्टेजवर आला की लोक खुर्च्यांवर चढायचे. ऐन भरात तो भांडून निघून गेला, आणि गिटार वाजवणाऱ्या दाढीने हॉटेलात गाणाऱ्या बारकीला आणून त्याच्या जागी उभं केलं. एका गॅरेजवरच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, त्यांनी नवी रेकॉर्ड केली. बारकीने जीव ओतला. गाणी संथ होती, आतल्या आत धुमसणारी. वाघाची डरकाळी त्यात नव्हती, आणि लोकांना तर डरकाळीच हवी होती. कार्यक्रमात ती तोंड उघडायच्या आत खालून "वाघ! वाघ!" सुरू व्हायचं. एकदा बाटली आली ती भुवईवर. 'कानामागून आली आणि तिखट झाली' असं पेपरात छापून आलं. लवकरच बँड मोडला, आणि तो बारकीने बुडवला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पुढे तिने लग्न केलं, तेही टिकलं नाही. तिचा थोरला भाऊ, म्हणजे हाच दादा, म्हणाला, "ये, एक मशीन रिकामंच आहे." ती आली ती आलीच.

आणि मग गेल्या वर्षी रेडिओवर एक निवेदक म्हणाला, "या रेकॉर्डवर आपण अन्याय केला." पाठोपाठ गाणं लागलं. बारकीचा पाय मशीनवरून सुटला. वहिनी हातातली कात्री तशीच उघडी धरून म्हणाली, "अगं बाई, ही तूच ना?"

तूच ना म्हणजे काय! तिला तर स्वतःची ओळखच पटेना. केवढा तो आवाज!

वारं फिरलं. ज्यांनी नावं ठेवली होती तेच आता गोडवे गाऊ लागले. गाणी काळाच्या पुढची होती म्हणे, बँडचं खरं काम हेच म्हणे. एके दिवशी दाढीचा फोन आला. "बारके, रेकॉर्ड पुन्हा निघतेय. स्टुडिओत ये, बोलू."

बारकीला आभाळ ठेंगणं झालं. दुकानाच्या कोठीत शिरून, फोमच्या थप्पीत तोंड खुपसून ती गळा तापवू लागली. वरचा सूर लागेना. फोमच्या भुशाने छाती भरलेली, मध्येच खोकल्याची उबळ यायची. "गरम पाणी पी," वहिनी म्हणाली, "आणि आधी ते केस रंगव. नाहीतर तुझी आईच गायला आली असं वाटेल त्यांना." दोघी पोट धरून हसल्या.

स्टुडिओत काचेच्या पलीकडे कानाला हेडफोन लावून वाघ बसला होता. गुडघ्याला पट्टा, डोक्याला टोपी. आणि तो तिचं गाणं गात होता.

"हे काय?" तिने दाढीला विचारलं.

दाढी खाली बघत म्हणाला, "आता जुन्या टेपवरून वाद्यं वेगळी काढता येतात. वाद्यं आमचीच ठेवलीत. फक्त... तुझा आवाज काढलाय."

"लोकांना आवडली ना रेकॉर्ड?"

"गाणी आवडली गं. ती वाघाच्या तोंडून हवीत, असं कंपनीचं म्हणणं."

"एक ठेवा. शेवटचं गाणं तेवढं. दाढी, तुझ्या पाया पडते."

"माझ्या हातात असतं तर..."

तेवढ्यात वाघ बाहेर आला. तो उर्मट असता तर बरं झालं असतं; निदान दोन शिव्या तरी हासडता आल्या असत्या. पण त्याने तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "ती तिसऱ्या कडव्यातली लांब ओळ तू एका दमात कशी घ्यायचीस? माझा श्वासच पुरत नाही."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण एवढ्या वर्षांत तिच्या गाण्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. ती उठली. श्वास आधीच्या शब्दावर चोरायचा, पोट आत ओढायचं, असं तिने दाखवलं. मग गाऊन दाखवलं. फाटक्या गळ्यातूनही ओळ शेवटपर्यंत गेली. तिने आशेने रेकॉर्डिंगच्या मशीनकडे पाहिलं. मशीनवाला पाठ करून चहा पीत होता. कुणीही काही रेकॉर्ड केलं नव्हतं.

"वा! जमलं की," वाघ म्हणाला, आणि आत जाऊन तो ती ओळ एका दमात गायला.

घरी आल्यावर तिने भावाला एवढंच सांगितलं, "दादा, मला त्यांनी पुसून टाकलं रे. आणि मीच फडकं हातात दिलं." दादाने तिचं ताट वाढलं. ती जेवली नाही.

रेकॉर्ड निघाली आणि डोक्यावर घेतली गेली. गाण्यांना अखेर त्यांचा आवाज मिळाला, असं तोच निवेदक म्हणाला.

परवा एक गिऱ्हाईक नवीकोरी गाडी घेऊन आलं. बारकी मागच्या सीटखाली डोकं घालून, दोरी ताणून कव्हराची गाठ मारत होती. पुढे बसून मालकाने तीच रेकॉर्ड लावली. तिसरं कडवं आलं. लांब ओळ, एका दमात.

"जरा बंद करता का?" ती खालूनच म्हणाली.

"का हो, आवडत नाही?"

दोरी तिच्या बोटांत रुतली होती. तिने ती आणखी करकचून ओढली.

"हात हलतो," ती म्हणाली.

त्याने आवाज थोडा कमी केला. बंद काही केला नाही.