चारचौघांत घातलेलं गाऱ्हाणं

देव माझं ऐकत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. ऐकणार कसा? मी त्याला धड काही सांगतच नव्हते. बहारीनला गुदैबियात आमचं बिऱ्हाड. मुलगा मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. तिथे भांडणात त्याने मुकादमाच्या कानाखाली वाजवली. केस झाली, शिक्षा झाली, नोकरी गेली. पुढे कुठेही बरं काम जमत आलं की कंपनी पोलिसांचा चांगल्या वर्तनाचा दाखला मागायची, आणि त्यात तो गुन्हा निघायचा. वर्षं लोटली तरी निघायचाच. किरकोळ कामांवर दिवस ढकलले, शेवटी तीही सुटली. व्हिसाचे थोडे महिने उरले होते; तेवढ्यात काम लागलं नाही तर बायकोपोरांसकट त्याला गावी परतावं लागणार होतं.

मी रोज मनामा शहरातल्या देवळात जायचे. मी बाई मोठी शहाणी! शेजारीण ऐकेल म्हणून देवापुढेही 'आमची ती अडचण' एवढंच पुटपुटायचे. पाच नारळ कबूल करायचे, काम होईना म्हणून अकरा. देव म्हणजे जसा काही बाजारातला भाजीवालाच.

त्या वर्षी आमच्या कोकणी मंडळींनी एका हॉलमध्ये सत्यनारायण घातला. पूजेनंतर गाऱ्हाणं झालं. एक वडीलधारा पुरुष देवापुढे उभा राहून मागणं मोठ्याने मांडतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणून ते आपलं करून घेतात. आमच्या मंडळींतल्या सगळ्यांत वयस्कर अप्पांनी सगळ्यांसाठी मागितलं आणि आणखी कुणाचं काही आहे का, असं विचारलं. बाईने उठायची रीत नाही. मी उठले. का, ते आजही सांगता येत नाही. आधी पाय उठले, मागाहून मी.

"बा देवा महाराजा, माझ्या लेकानं हात उचलला, त्याची शिक्षा भोगली. आता त्याला कुणी कामावर घेत नाही. तेवढा डाग पुसून टाक रे महाराजा."

सून जमिनीकडे बघत राहिली. मुलगा उठून दाराकडे निघाला. तेवढ्यात दारातूनच आवाज आला, "होय म्हाराजा." खुर्च्या पोचवायला आलेला रत्नागिरीकडचा टेम्पोवाला, इक्बालभाई. मग सगळेच म्हणाले.

इक्बालभाईने मुलाला तिथेच अडवलं आणि मला म्हणाला, "काकी, ह्ये पुसतंय. माझंपन पुसलंय."

शिक्षा संपून ठरलेली वर्षं गेली आणि वागणूक नीट राहिली की गुन्ह्याची नोंद पुसून घ्यायला कोर्टात अर्ज करता येतो. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. तो स्वतः मुलाला आपल्या वकिलाकडे घेऊन गेला. व्हिसा संपायच्या आत कोर्टाचा हुकूम आला, दाखला कोरा निघाला आणि मुलगा एका मोठ्या कंपनीत लागला.

तो माणूस नेमका त्याच वेळी दारात कसा, याचा शोध मी घेतला नाही. मुलगा कामावर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात गेले. हात जोडले आणि पंचाईत झाली. मागायला काही नव्हतं, लपवायलाही काही नव्हतं. म्हणून नुसती बसले. इतकी वर्षं येत होते, पण देवासमोर अशी बसले ती त्या दिवशी.