तेरा चांदण्यांची देवी

अजूनही ते प्रकरण आठवलं की माझं डोकं तडकतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हुणसूरच्या जंगलात चंदनचोरांच्या मागे आठ-आठ दिवस फिरलो. पण त्या एका चांदीच्या तुकड्यानं माझा जेवढा जीव खाल्ला तेवढा कशानंच नाही. नावं लिहीत नाही. त्या घरातली नातवंडं म्हैसुरातच आहेत आणि आमचं एकमेकांकडे जाणं-येणं आहे.

दसऱ्याला दोन आठवडे उरले होते. महाराजांचे पाहुणे यायचे होते, अर्धं ठाणं बंदोबस्ताच्या तालमीला गेलं होतं आणि वरून रोज नवा हुकूम येत होता. अशात नजरबादेतली एक म्हातारी, आमच्याच जुन्या शिपाईघराण्यांपैकी, मुलाला घेऊन ठाण्यात आली. आमच्या आळीत तिला सगळे काकू म्हणत, मीही म्हणायचो.

"अरे, माझी देवी गेली रे!" म्हणून काकूंनी हंबरडाच फोडला. "घट चार दिवसांवर आले, आणि देव्हाऱ्यात कुलदेवीची जागा रिकामी. आता घट बसवू कुणापुढे?"

मुलगा सरकारी कचेरीत कारकून. त्यानं अर्ज घरूनच लिहून आणला होता, अक्षर मोत्यासारखं. अर्जात होतं: देव्हाऱ्यातला चांदीचा टाक, एक नग, वर बसलेली देवी, हातात ढाल आणि भाला. संशय कुणावर? काकूंनी लगेच बोट दाखवलं. "भांडीवाली. देवघरात तिच्याशिवाय कोण येतं?"

ही भांडीवाली पन्नाशीची, विधवा, हुणसूरकडची. चार घरची धुणीभांडी करायची आणि दर सोमवारी काकूंच्या देवघरातली चांदी-पितळ चिंचेनं घासायची. वीस वर्षं तिनं हेच केलं होतं. मी तिला बोलावून घेतलं. गुन्हा कबूल करायला सांगितलं तर म्हणाली, "नाही की हो साहेब. आईला म्या कशाला विकीन?"

"मग टाक गेला कुठं?"

"टाक नव्हं ते. जाड आहे. टाकाला मागं खळगा असतो, आमच्या आईला मागं पक्षी आहे. पंख पसरलेला. एका पायात डहाळी, दुसऱ्या पायात बाण, तीन. पुढं आईभोवती तेरा चांदण्या, त्यातली डाव्या कानाजवळची झिजलीय. आणि पायाखाली कायतरी लिवलंय."

टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. पुढून जे वर येतं ते मागून खोल जातं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हा मागं पक्षी आहे म्हटल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. पण मालकिणीचं वर्णन माझ्यासमोर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं! मी म्हणालो, "बाई, गोष्टी सांगू नकोस," आणि तिच्या जबानीत एवढंच लिहिलं: 'आरोप नाकबूल.' तेरा चांदण्या कागदावर आल्याच नाहीत.

तिला व्हरांड्यात बसवून ठेवलं. सकाळी आणायचं, दिवे लागायच्या आत सोडायचं, असे तीन दिवस. येणारा-जाणारा तिला बघत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं शांतपणे सांगितलं, "साहेब, तीन घरांनी नाही म्हटलं. चोराच्या हातची भांडी कोण घेणार?" तिच्या पोटाचा आधार तेवढाच होता. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फक्त कटकट वाटली. शहरातल्या सगळ्या सराफांकडे आणि चांदी आटवणाऱ्यांकडे मी माणसं पाठवली होती, आणि 'देवीचा टाक आला नाही' यापलीकडे कुणाचं उत्तर नव्हतं. कसं असणार? मी जे शोधत होतो ते जगात नव्हतंच.

आता मास्तरांबद्दल सांगतो. माझ्या डोक्याला दुसरा ताप म्हणजे हे गृहस्थ. हायस्कुलातून निवृत्त, पंढरीच्या विठोबाचे भक्त, आणि छंद जुन्या परदेशी नाण्यांचा. गेली तीन वर्षं त्यांना एकच ध्यास लागला होता: अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर हवा, अस्सल हवा, आणि पेन्शनीत बसेल असा हवा. या तीन अटींपायी त्यांनी तीनदा फसवून घेतलं होतं. एकदा जस्ताचं मिळालं, एकदा साच्यात ओतलेलं, एकदा नाणं खरं पण भोक पाडून परत बुजवलेलं. दर वेळी तक्रार माझ्याकडे. दर वेळी तासभर व्याख्यान: वजन कसं करायचं, दगडावर टाकून नाद कसा ऐकायचा, कडेच्या रेघा कशा मोजायच्या. पहिल्या दिवशी म्हातारीचा अर्ज घेत होतो तेव्हा हे दारात उभे.

"साहेब, मिळालं! अखेर मिळालं! फक्त विकणारा जरा घाईत होता, म्हणून म्हटलं तुमच्या कानावर घालावं..."

"मास्तर," मी हात जोडले, "इथं देवी चोरीला गेलीय. तुमचा डॉलर नंतर."

बिचारे गेले. म्हणजे पहिल्याच दिवशी, एकाच तासात, चोरीचा मालही दारात आला होता आणि त्याचं बिनचूक वर्णनही. मी दोघांनाही गप्प बसवलं. याला काय म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा आले, खिशात भिंग. माझा जीव मेटाकुटीला आला होता. म्हटलं, "दाखवा एकदाचं आणि मोकळे व्हा."

त्यांनी रुमाल उलगडला. "हे अस्सल. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं असेल. त्यांची जहाजं मिरी घ्यायला किनाऱ्यावर यायची ना, त्यांच्याबरोबर आलेलं. ही बसलेली बाई म्हणजे त्यांची स्वातंत्र्यदेवता. झीज आहे, म्हणून तर मला परवडलं. फक्त एक कळत नाही हो. पदराच्या चुण्यांत हा लाल रंग कसला? चांदीला लाल गंज येत नाही."

मी भिंगातून पाहिलं. तो रंग माझ्या आईच्या देव्हाऱ्यात मी जन्मभर पाहिला होता. कुंकू होतं. पायाशी इंग्रजी आकडे होते. मी चांदण्या मोजल्या. तेरा. डाव्या कानाजवळची झिजलेली.

व्हरांड्यातून भांडीवालीनं मान उंच करून पाहिलं आणि ओरडलीच, "हीच की आमची आई!"

"अय्यो!" मास्तर म्हणाले.

"कुणी विकलं?" मी विचारलं.

"तुमच्याच आळीतला एक कारकून. त्या दिवशी इथंच उभा होता, आईबरोबर. मी तेच सांगायला आलो होतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचे दफेदार, म्हणजे तुमच्याकडचे हवालदार, पंचवीस वर्षं नोकरी झालेले. तेही म्हणाले, "सार, अर्ज लिहिणाराच?"

कारकुनाला बोलावलं. समोर नाणं ठेवताच त्याचा चेहरा पडला. फार विचारावं लागलं नाही. कचेरीतला वरचा साहेब एकदा घरी आला होता. त्यानं देव्हाऱ्यात वाकून पाहिलं आणि हसला, 'तुमची कुलदेवी अमेरिकेहून आली काय?' ते हसू याला लागलं. चांदीवाल्याला नवा टाक ठोकायला सांगितला, जुनं नाणं मास्तरांना दिलं. टाक तयार व्हायच्या आत आईनं बोंब मारली, आणि मग खरं सांगायची लाज वाटली, म्हणून अर्जात नाण्याचा टाक केला.

"आणि ती बाई तीन दिवस इथं बसली होती, त्याची लाज नाही वाटली?" मी असा ओरडलो की बाहेरचा पहारेकरी आत आला.

आम्ही सगळे काकूंच्या घरी गेलो. हे नाणं परदेशी आहे, हे त्यांना सांगायला मी चाचरत होतो. त्या फटकन म्हणाल्या, "मला काय सांगतोस? मामंजी रिसाल्यात होते. किनाऱ्यावरून येताना घेऊन आले आणि म्हणाले, ही आपल्याकडे आलीय, हिला बसवा. बसली आहे ना? हातात ढाल आहे ना? मग झालं तर!" मग मुलाकडे बघून तोंडाला पदर लावला. तक्रार मागे घेतली. घरचाच मामला, नोंद 'गैरसमज' म्हणून मिटली. मास्तरांना त्यांचे पैसे परत मिळाले, पण माणूस रडवेला झाला होता. जाताना माझ्या कानात म्हणाले, "साहेब, निदान एवढं तरी सांगा. चिंचेनं घासू नका म्हणावं!"

काकूंनी नाणं भांडीवालीपुढे धरलं. आवाज बारीक झाला होता. "झालं गेलं विसर बाई. घट बसायचेत. घासून दे."

तिनं हात पुढं केला नाही. नाण्याला लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाली, "आक्का, आजपासून तुमची देवी तुम्हीच घासा." आणि पायऱ्या उतरली.

त्यानंतर चोरीच्या प्रत्येक तपासात मी पहिला प्रश्न विचारला तो वस्तू पुसणाऱ्याला, घासणाऱ्याला, उचलून ठेवणाऱ्याला. मालकाला फक्त ती आपली आहे एवढंच माहीत असतं. नव्या भरतीच्या पोरांना मी हे शिकवलं आणि त्याबद्दल शाबासक्याही मिळवल्या. ती अक्कल कुणाकडून आली हे मात्र कधी सांगितलं नाही. आज लिहितोय.

त्या दिवशी मी तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो होतो. माफी मागायची सवय आम्हा पोलिसांना नसते. मी म्हणालो, "बाई, ठाण्यात चला. तुमची जबानी आता नीट लिहून घेतो. चांदण्या, पक्षी, सगळं."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. रागानं सुद्धा नाही.

"आता कशाला, साहेब?" ती म्हणाली. "आता तुमाला दिसतंय की."