ऑरिनच्या तीन थापा

ऑरिन ट्वाईट धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाला आणि गावाने देवाचे आभार मानले. त्याच्या बायकोला, व्हर्नाला, ते जमलं नाही, कारण तो आता दिवसभर घरी होता. मुलीने पाठवलेला कॉम्प्युटर शिवणाच्या खोलीत आला, व्हर्नाचं शिलाई मशीन तळघरात गेलं. रविवारी चर्चनंतर कॉफी पिताना ऑरिन व्हायरसबद्दल इतक्या पोटतिडकीने बोलायचा, की पास्टर सैतानाबद्दलही तसे कधी बोलले नव्हते.

वसंतात त्याने कुठेतरी वाचलं, की कॉम्प्युटरवर रोजच्या कामाला बिनअधिकाराचं साधं खातं वापरावं. झालं! त्याने ‘मालक’ नावाचं नवं खातं काढलं, सगळे अधिकार त्याला दिले, आणि स्वतःला व बायकोला साध्या खात्यांत बसवलं. पासवर्ड एवढा अवघड ठेवला, की सप्टेंबरपर्यंत तो स्वतःच विसरला.

“लिहून का नाही ठेवलास?” व्हर्नाने विचारलं. कुणाकडे केकचं भांडं राहिलंय हेसुद्धा ती वहीत लिहिते.

“लिहून अडाणी लोक ठेवतात.”

चर्चला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्ताच्या पुस्तकासाठी गावातल्या बायकांच्या दोनशे पाककृती व्हर्नाने दोन वर्षं बसून टाइप केल्या होत्या. त्यातल्या निम्म्या बायका आता चर्चमागच्या दफनभूमीत होत्या. पुस्तक शुक्रवारी दुपारी छापायला जायचं होतं. आणि ऑरिनने ते, सुरक्षित राहावं म्हणून, ‘मालक’च्या खात्यात हलवलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

गुरुवारी सकाळी चर्चमधल्या ग्लेनिसचा फोन आला. “व्हर्ना, आईची लेफ्सा, ती बटाट्याची पोळी, पुस्तकात घेतलीस ना गं? तिच्या हातचा कागद मी टाकून दिला, तुझ्याकडे आहे म्हणून.”

“आहे गं,” व्हर्ना म्हणाली, आणि फोन ठेवून मनातल्या मनात क्षमा मागितली.

“जमतंय का रे?” तिने शिवणाच्या खोलीच्या दारातून ऑरिनला विचारलं.

“जमतंय.”

आमच्याकडे मदत तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नाहीत. आधी घेतली तर माणूस हावरट ठरतो. तासाभराने तिने पुन्हा विचारलं. जमतंय. जेवणानंतर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ऑरिनने मुकाट्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

पडद्यावर तीन प्रश्न होते. पहिला पाळीव प्राणी कोणता, जन्म कुठल्या शहरात, लहानपणी काय म्हणून हाक मारायचे. तिन्ही उत्तरं बरोबर आली की नवा पासवर्ड ठेवता येणार.

“अरे, हे तर सोपं आहे! तुझा तो लंगडा कुत्रा, बस्टर.”

“खरी उत्तरं द्यायची नसतात. चोराला माहीत असतात. मी खोटी दिलीत.”

“कुठली?”

“तेच आठवत नाहीये.”

व्हर्ना त्याच्याकडे बघत राहिली. ‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही आठवी आज्ञा या माणसाने रविवारच्या शाळेत तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती.

“मशीनशी खोटं बोललं तर पाप नाही लागत,” तो म्हणाला.

“पास्टरांना विचारू या?”

“नको!”

व्हर्ना खुर्चीत बसली. तिला कॉम्प्युटर कळत नव्हता. पण शेहेचाळीस वर्षं तिने ऑरिन ऐकला होता. दर उन्हाळ्यात जत्रेत तो अनोळखी माणसांना सांगायचा, की लहानपणी त्याचा एक घोडा होता. तिने लिहिलं: थंडर. जन्म शेतावरच्या मागच्या खोलीतला, पण जत्रेत तो व्हायचा शिकागोचा. शाळेत पोरं त्याला गोगलगाय म्हणायची. तिने जत्रेतलं ‘कॅप्टन’ लिहिलं.

खातं उघडलं. पाककृती सगळ्या जागच्या जागी होत्या, लेफ्सासकट.

“तुला कसं कळलं?” ऑरिनचे कान लाल झाले होते.

“खरं तू मला एकदाच सांगितलंस. थापा दरवर्षी ऐकतेय.”

तिने एक हात आडवा धरून नवा पासवर्ड टाइप केला, वहीत लिहिला, पुस्तक छापखान्याला पाठवलं. मग सगळे अधिकार स्वतःच्या खात्याला दिले.

“आणि माझं खातं?”

“तू साधाच राहा. तेच सुरक्षित म्हणाला होतास ना?”

पुढच्या मंगळवारी ऑरिनला मासेमारीचा कसलासा प्रोग्राम घालायचा होता. मशीनने मालकिणीचा पासवर्ड मागितला. तो बराच वेळ खाकरत बसला.

“जमतंय का रे?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“जमतंय.”

अर्ध्या तासाने तिने पुन्हा विचारलं. जमतंय.

मग तिने ओव्हनमधून केक काढला, कोट घातला आणि ती बायबलच्या वर्गाला निघून गेली.