करीमच्या गळ्यातला मफलर

इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावात मी भर मॅचमध्ये शत्रूचा सत्कार केला आहे. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच अल्लड होते. आता पोक्त झाले, सांगायला हरकत नाही. पण आधी करीम सांगितला पाहिजे, कारण सत्काराचा मफलर त्याचा होता.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले होते. तिथल्या एका दुकानात हळदीची पुडी हुंगून मी मोठ्याने म्हणाले, "ही काय हळद म्हणावी का रांगोळी?" आपली भाषा कुणाला कळतेय, हा माझा माज. मागून आवाज आला, "मावशी, तुमी कुरुंद्याच्या व्हय?"

तो करीम. आमच्याच गावचा. माझ्या लग्नाचा चुडा त्याच्या बापाने भरला होता, हे कळल्यावर तर त्याने माझी पिशवीच हातातून काढून घेतली.

आठवडाभर तो बस चालवायचा आणि शनिवारी गावच्या फुटबॉल मैदानावर चहाची खिडकी सांभाळायचा. मैदान ते केवढं! एका बाजूला पत्र्याचं छप्पर, बाकी सगळीकडे कमरेइतका कठडा, आणि पलीकडून समुद्राचा असा वारा, की केसांची आणि अब्रूची दोन्हींची काळजी घ्यावी लागे. गावचा संघ हरण्यात तरबेज. करीमचं म्हणणं ठरलेलं, "मावशी, जिंकणं अल्लाच्या हाती, चहा बराबर माझ्या हाती." गोल बसू लागले की त्याच्या चहात साखर आपोआप वाढायची. हरून घरी जाणाऱ्या माणसाच्या तोंडाची चव कशाला घालवायची?

त्याच्या गळ्यात कायम एक निळा-पिवळा मफलर असे. बायकोने, रेहानाने, विणलेला. ती वारून दोनेक वर्षं झाली होती. मफलरला कुणी हात लावू गेलं की हा ओरडे, "हात पुसून!" मी एकदा विचारलं, "रेहाना यायची का रे मॅचला?"

"न्हाई. तिला कंटाळा," म्हणाला आणि पुसलेलाच कप पुन्हा पुसायला लागला.

मग ती शेजारच्या गावाशी मॅच आली. करीम म्हणाला, "मावशी, आपल्या कुरुंद्याची शेजारच्या डोंगरकडा गावाशी कुस्ती असल्यावानी समजा. आज हरलो तर सालभर खिडकीत येऊन टोमणे मारतील लोकं." मी साडीवर जावयाचा कोट, मोज्यांवर चप्पल अशा थाटात कठड्याशी जावयाशेजारी कुडकुडत उभी. माझे दात वाजलेले ऐकून करीमने मफलर काढला आणि माझ्या गळ्यात घातला. "जपून हां. रेहानाचा हाय."

आता आमच्या जत्रेतल्या कुस्तीची रीत अशी, की जो चीत करील त्याचा मान. त्याचं गाव मागून विचारायचं. आमच्या पोराला पाडणाऱ्या परगावच्या पैलवानाला माझ्या वडिलांनी स्वतः फेटा बांधलेला मी माडीवरून पाहिला होता.

समोरच्या संघातल्या एका लालबुंद पोराने दोघांना चकवून असा गोल मारला, की मी टाळ्याच पिटल्या. ते पोरगं आनंदाने धावत नेमकं माझ्यासमोर आलं. मी म्हटलं, "ये बाळा." त्यानेही शहाण्यासारखी मान वाकवली. मी गळ्यातला मफलर त्याच्या गळ्यात घातला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. एक समुद्रपक्षी तेवढा ओरडला. जावई असा तोंड फिरवून उभा, जणू मी त्याच्या शेजाऱ्याची सासू. आणि ते पोरगं मफलरासकट पळालं!

तेव्हा कुठे मला आठवलं, मफलर कुणाचा ते.

मॅच त्या एका गोलानेच हरलो. सगळे पांगल्यावर मी खिडकीशी गेले. तेवढ्यात ते पोरगंच आलं, मफलर छातीशी धरून. करीमने आधी हात पुसले, मग मफलर घेतला, मग त्याला चहा दिला. साखर वाढवून, जिंकलेला असूनही.

मी म्हटलं, "शिव्या दे रे मला. तुझ्या घरची आठवण मी परगावी धाडली होती."

त्याने मफलर झटकला, पुन्हा माझ्याच गळ्यात घातला आणि म्हणाला, "काहून शिव्या देऊ, मावशी? रेहाना बी पयल्या मॅचला दोन्हीकडच्या गोलला टाळ्या वाजवून राहिली होती. मी चारचौघांत दटावलं तिला. पुन्हा आलीच न्हाई ती, घरी बसून हे विणत राहिली. तुमी येत्या शनिवारी या. टाळ्या कुणाला बी वाजवा."