चौथ्या घरातले शनी-मंगळ

फोन वहिनींचा होता. "वन्सं, तुमचे भाऊ गेले," एवढंच म्हणाल्या... आणि मला हुंदका फुटायच्या आत, "चहा पीत होते. सैपाकघरात. त्याच जमिनीवर." आता 'त्याच जमिनीवर' म्हणजे काय, हे आमच्या घराबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. दादांना जाऊन दीड महिना झाला, पण अजून मला धड रडूही येत नाही. रडायला बसलं की ती जमीन आठवते आणि डोकं तडकतं.

दादा शाळेत गणिताचे मास्तर, पण जीव सगळा पत्रिकांमध्ये. रविवारी ओसरीवर माणसं जमायची. एक पैसा घ्यायचे नाहीत, वर वहिनींना सगळ्यांचा चहा. पत्रिकेतलं चौथं घर म्हणजे सुखस्थान. आई, जमीन, राहती वास्तू, सगळं तिथून बघायचं. कुणाच्या चौथ्यात शनी आणि मंगळ एकत्र निघाले की बिचाऱ्याचं तोंड उतरायचं, आणि दादा मिशीत हसून सांगायचे, "मंगळ जमीन देतो, शनी उशीर लावतो. उशिरा व्हईल, पण घर व्हईल. बांधा खुशाल." निम्म्या वसाहतीनं ह्यांच्या शब्दावर पाये खोदले! आणि हीच युती दादांच्या स्वतःच्या चौथ्यात होती, तिचा अर्थ काय? तर म्हणे, वास्तू पुरी झाली की घरचा कर्ता जातो. अहो, ग्रह तेच, घर तेच, मग लोकांना एक न्याय आणि वहिनींना दुसरा?

त्याचं मूळ आमच्या गावी, पिशोरला होतं. पोलीस ॲक्शन झाली, गावात जरा स्वस्थता आली, तशी वडलांनी रझाकारांच्या धामधुमीत अडलेलं घराचं काम उरकलं. वास्तुशांत झाली, गावजेवण झालं, आणि पुढचा पोळा यायच्या आत वडील तापानं गेले. मी आईच्या कडेवर होते, मला काही आठवत नाही. दादांना मात्र वडलांच्या अंगावरची घोंगडीसुद्धा आठवायची. पुढं ज्योतिष शिकल्यावर त्यांनी वडलांची पत्रिका मांडली, तर तिथंही चौथ्यात शनी-मंगळ. झालं! मी कितीदा म्हटलं, "दादा, त्या तापात घरटी माणूस गेलं. सगळ्यांच्याच चौथ्यात शनी-मंगळ बसले होते का?" तर म्हणायचे, "तुला त्यातलं नाय कळायचं." गणिताचा मास्तर हा!

मग शहरात त्यांनी प्लॉट घेतला, घरही बांधलं, पण पुरं केलं नाही. स्वयंपाकघराला फरशी घालायची नाही आणि वास्तुशांत करायची नाही. म्हणजे घर अपुरं, म्हणजे शनी-मंगळ फसले! ग्रह म्हणजे काय नगरपालिकेचे कारकून आहेत, काम अपुरं दाखवलं की परत जायला? शहाबादी फरशा आणून अंगणात रचून ठेवलेल्या, आणि वहिनी भर औरंगाबादेत, गवळ्याच्या गोठ्यातून शेण आणून, ओट्याखालची जमीन सारवायच्या. घर बांधणारे युसूफ मिस्त्री ईदला शीरखुर्मा घेऊन यायचे आणि दरवर्षी विचारायचे, "मास्टरसाब, सारे शहर में मेरी एकीच जमीन बाकी है. कब बुलाते?" दादा म्हणायचे, "शनी को जरा सरकने दो, युसूफभाई." शनी सरकला की साडेसाती, साडेसाती टळली की राहूची महादशा... ह्यांचं आपलं कायम कुणी ना कुणी वाटेत उभंच.

वहिनींनी दागिना मागितला नाही, की कधी तीर्थयात्रा मागितली नाही. त्यांचं म्हणणं एकच, वास्तुशांतीला आपल्या घरात जोडीनं पाटावर बसायचं. वसाहतीतल्या प्रत्येक वास्तुशांतीला पुरणपोळ्या लाटायला ह्याच. एकदा अशाच एका पूजेहून आल्या आणि माझ्यासमोरच कडाडल्या, "मी मेल्यावर घालता काय फरशी?" दादा म्हणाले, "तुझं कुंकू टिकावं म्हणूनच चाललंय गं हे सगळं." वहिनी गप्प झाल्या. मी नाही झाले. मी म्हटलं, "दादा, कुंकू टिकवताय, पण ते लावून तिनं बसायचं कुठं?" त्यावर उठून पंचांग घेऊन ओसरीवर गेले.

शेवटी ऐंशी ओलांडून, अपुऱ्या घरात, शेणाच्या जमिनीवर, कप हातात असताना गेलेच ना? हे त्यांना ऐकवायला हवं होतं. पण उत्तर मला माहीत आहे, "अपुरं ठेवलं म्हणूनच तर एवढा जगलो." ह्या माणसाशी जिंकायची सोयच नव्हती! आणि आता भांडायचीही राहिली नाही... त्याचाच जास्त राग येतो.

सुतक फिटलं आणि वहिनींनी युसूफभाईंना बोलावलं. म्हातारे खुर्चीवर बसून कारागिरांना ओरडत होते आणि मधूनच रुमालानं डोळे पुसत होते. फरशी बसली तशी वहिनींनी वास्तुशांतीसाठी गुरुजींना निरोप धाडला. ते येऊन म्हणाले, "आई, वर्ष तरी जाऊ द्या." वहिनी म्हणाल्या, "आणखी थांबू? लई थांबले." गुरुजींनी मान खाली घातली. म्हणाले, "बरं, मग तुमचा मुलगा आणि सूनबाई बसतील पाटावर. तुम्हाला आता तसं..." मी मात्र आतून पेटले. कुंकवासाठी जन्मभर थांबवलं हिला, आणि आता कुंकू नाही म्हणून हिनं बाजूला उभं राहायचं?

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, बायको मेलेला बाप्या पूजेला कसा बसतो?"

"कमरेला सुपारी लावून. बायकोच्या जागी."

"मग नवऱ्याच्या जागी चालंल."

गुरुजींनी पोथीकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं, आणि पोथी उघडली. पूजेच्या दिवशी वहिनींनी दोन पाट मांडले. एकावर स्वतः बसल्या; दुसऱ्यावर दादांचं उपरणं घालून वर सुपारी ठेवली, तिला गंध लावलं आणि पदराची गाठ उपरण्याला मारली, चांगली ओढून. मग सगळ्यांच्या देखत त्या सुपारीवर डोळे वटारून म्हणाल्या, "बसा आता गुपचूप. पूजा पुरी झाल्याबिगर उठायचं नाय."